शून्य सेंटिमीटर

एक्स-रेच्या खोलीत कामाशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही, हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

लोणावळ्याच्या बाहेर क्षयरोग्यांचं एक रुग्णालय होतं. मी सांगतोय ती गोष्ट एकोणीसशे एकसष्ट-बासष्टची. तिथल्या एक्स-रे विभागाचा मी प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली तिघं: मशीन चालवणारा बजरंग, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा मारुती, आणि बायकांना कपडे बदलायला लावून मशीनपुढे उभं करणाऱ्या आया भामाबाई. तिघंही शांत स्वभावाची होती, म्हणून तो विभाग चालला. मी सकाळी आठ वाजता डाफरायला सुरुवात करायचो ते संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत. पण आमच्या फिल्मा अशा निघायच्या, की दर पंधरा दिवसांनी पुण्याहून येणारे सर्जन त्या खिडकीशी धरून म्हणायचे, "वा, काय स्वच्छ काम आहे." मग दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नसत.

दुसरा नियम केसांचा. तोही माझाच. एकदा एका बाईच्या फिल्मवर मानेशी केसांचा आकडा उमटला होता. सर्जनांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ही बाई आकडा गिळून आली, की तुम्ही झोपला होतात?" सगळे हसले. माझे कान तापले. दुसऱ्याच दिवशी मी दारावर पाटी रंगवून लावली: बायकांनी आकडे, फण्या, फुलं काढावीत, अंबाडा सोडावा. सोडलेले केस भामाबाई डोक्यावर गोळा करून कापडाच्या पट्टीनं बांधायच्या. पेशंट छाती फिल्मला टेकवून, मशीनकडे पाठ करून उभी राहायची. अंगात रुग्णालयाचा ढगळ पांढरा झगा. मी आणि बजरंग शिशाच्या आडोशामागे. त्या आडोशाला वीतभर काच होती, तिच्यातून मला दिसायचा तो फक्त झगा. परक्या बाईकडे त्याहून जास्त बघायचं मला कारण नव्हतं. तिच्या आतलं सगळं मला थोड्या वेळानं फिल्मवर दिसणारच होतं.

सारजाबाई आली ती एकसष्टच्या श्रावणात. औंढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. वय वीस-बावीस. तीन आठवड्यांचा ताप आणि खोकला. सोबत सासू, झुंबरबाई, आणि सासूच्या काखेत चार महिन्यांचा मुलगा. पोर असं टाहो फोडून रडत होतं, की सारजाबाई फिल्मला टेकून उभी असतानाही मान वळवून वळवून दाराकडे बघत होती.

"अगं ए, हलू नको!" मी आडोशामागून ओरडलो. "आणि ते पोर बाहेर न्या आधी. हा काय बाजार आहे?"

झुंबरबाई पोराला घेऊन अंगणात गेली. भामाबाई सारजाबाईच्या पाठीशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"साहेब, हिच्या केसांचं जरा..."

"केस सोडले ना?"

"व्हय, पन..."

"बांधले ना वर?"

"बांदले. पन साहेब, एक..."

"पण-बिण काही नाही. तिला श्वास रोखायला सांगा आणि बाजूला व्हा."

मी बजरंगला खूण केली. बजरंगनं बटण दाबलं. एवढंच झालं. सारं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

फिल्म धुऊन आली. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, बोटभर लांबीचा पांढुरका डाग. त्या काळी आमच्या भागात असा डाग दिसला की दुसरं काही मनात यायचंच नाही. मी बजरंगला बोलावून फिल्म खिडकीशी धरली. त्याला शिकवायची मला हौस होती. फिल्मच्या खालच्या भागात दोन्हीकडे धुरकट, गोलसर सावल्या होत्या. त्यांवर मी बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"न्यूमोनिया?" बजरंग म्हणाला.

"गाढवा, हे दूध. अंगावर पाजणारी बाई आहे. छाती भरलेली असली की अशी सावली पडते. नवे डॉक्टर इथंच फसतात. हे सोडून द्यायचं. वर बघ. हा रोग."

मी स्वतः ती फिल्म घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. रुग्णालयाचे प्रमुख ते. त्यांनी बघितली, मान हलवली, आणि सारजाबाई त्याच दिवशी बायकांच्या वॉर्डात दाखल झाली. क्षयाच्या आईपाशी तान्हं मूल ठेवत नसत. मूल सासूसोबत वाडीवर परत गेलं. तो आमच्या विभागाचा विषय नव्हता.

पुढचे चौदा महिने सारजाबाई दर दोन महिन्यांनी माझ्यापुढं येत राहिली. माझ्यापुढं म्हणजे तिचा झगा आणि तिची फिल्म. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं, मूठ मूठ गोळ्या, रोज एक अंडं, दुपारची सक्तीची झोप. महिन्याभरात ताप गेला, खोकला गेला. अंगानं भरली. थुंकी तपासली की दर वेळी जंतू नाहीत. मोठे डॉक्टर बुचकळ्यात पडायचे. "हिची तब्येत बघितली तर हिला घरी पाठवावंसं वाटतं," ते म्हणायचे, "पण तुमची फिल्म काही वेगळंच सांगते."

"फिल्म खोटं बोलत नाही, डॉक्टर," मी म्हणायचो. हे वाक्य माझं फार लाडकं होतं.

डाग हलत नव्हता. उलट वाढत होता. मी पट्टी लावून मोजलं. पहिल्या फिल्मवर बोटभर होता तो वर्षभरात चांगला चार इंच खाली उतरला होता. कडा तशाच, रुंदी तशीच, फक्त खाली खाली. असा रोग मी कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला नव्हता म्हणून मला तो विशेष वाटायला लागला होता. एकदा मारुती ओल्या फिल्मा दोरीवर अडकवता अडकवता थांबला.

"साहेब, ह्यात दोरी पडल्यासारकी दिसतीया."

"दोरी तुझ्या डोक्यात पडलीय. फुप्फुस आक्रसलं की असे पट्टे येतात. तू फिल्मा धू."

मारुती फिल्मा धुवायला आत गेला. त्या डागाबद्दल तो पुन्हा कधी काही बोलला नाही.

बासष्टच्या भाद्रपदात सर्जनांनी निकाल दिला. औषधाला दाद देत नाही, डाग पसरतोय, आता ऑपरेशन. उजवीकडच्या सात बरगड्या काढायच्या, म्हणजे त्या बाजूची छाती आत बसते आणि रोगट फुप्फुस दबून राहतं. तेव्हा हे ऑपरेशन करत असत. बाई वाचली तर जन्मभर एका खांद्यानं वाकडी चालायची. तारीख ठरली सोमवारची. त्याआधी, शुक्रवारी, सर्जनांना एक नवी गोष्ट हवी होती: डाग पाठीपासून नेमका किती खोल आहे, ते.

आमच्याकडे नुकतंच थरांचे फोटो काढायचं जोडयंत्र आलं होतं. साधा एक्स-रे म्हणजे पाठीपासून छातीपर्यंतच्या सगळ्या सावल्या एकावर एक. या यंत्रात पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं. वरची नळी एका दिशेला सरकते, खालची फिल्म उलट दिशेला. आपण ठरवू तेवढ्या उंचीचा एकच थर ठळक उमटतो, बाकीचं सगळं पुसट. उंची टेबलाच्या फळीपासून सेंटिमीटरमध्ये मोजायची. आठ म्हणजे फळीपासून आठ सेंटिमीटर वर. वर्षभर अर्ज करून करून मी ते यंत्र मिळवलं होतं. कोणी त्याला हात लावला तरी माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

शुक्रवारी सकाळी नऊला सारजाबाईला आणलं. भामाबाईंनी केस सोडून वर बांधले, झगा घातला, टेबलावर झोपवलं. मी यंत्राची उंची लावत होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "सायेब, एक इचारू?"

नियम मोडत होती, पण तीन दिवसांनी ऑपरेशन असलेल्या बाईवर काय ओरडणार? "विचार."

"बरगड्या काडल्यावर मला भारा उचलंल का? लाकडाचा? आमच्याकडं सारं डोक्यावरच आनावं लागतं."

"त्याचं सर्जन सांगतील," मी म्हणालो. उत्तर मला माहीत होतं.

पहिले तीन थर घेतले. आठ, सात, सहा. वरच्या भागातला रोग बहुधा इथंच सापडतो. मारुतीनं ओल्या फिल्मा आणून दिल्या. मी त्या उजेडाशी धरल्या.

डाग नव्हता. बरगड्यांच्या पुसट रेघा, काळंभोर मोकळं फुप्फुस आणि मधूनच एक फिकट पट्टा, तोही नसल्यासारखा.

"मारुती! किती वेळ ठेवली औषधात?"

"पाच मिंट, साहेब. घड्याळ लावून."

"बजरंग, तू उंचीचा स्क्रू नीट आवळला नाहीस."

"आवळला, साहेब. तुम्हीच बघितलात."

मी दोघांनाही आणखी चार शब्द ऐकवले आणि सगळं पुन्हा करायला लावलं. आठ, सात, सहा. पुन्हा तसंच. मग माझ्या मनात आलं, डाग मागच्या बाजूला असेल, पाठीला चिकटून. पाच घेतला. पट्टा थोडा उठून आला. चार. आणखी थोडा. मला हायसं वाटलं, सापडतोय म्हणायचा. तीन. दोन. दोनवर त्याच्या कडा दिसायला लागल्या, आणि मी यंत्राची उंची पुन्हा तपासली. कारण दोन सेंटिमीटरवर पाठीचं मांस असतं. तिथं फुप्फुस नसतं.

"एक लाव," मी म्हणालो.

एकवर डाग स्वच्छ होता.

"शून्य."

बजरंगनं माझ्याकडे बघितलं. "शून्य कशाला, साहेब? शून्य म्हणजे तर..."

"शून्य लाव म्हणतो ना!"

शून्य म्हणजे टेबलाची फळी. ती फिल्म मारुतीनं माझ्या हातात दिली तेव्हा तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी ती उजेडाशी नेली. चौदा महिने जो रोग मी पट्टी लावून मोजला, तो तिथं असा रेखीव उमटला होता, की त्याचे पीळ मोजावेत. जाड, एकात एक गुंतलेले पीळ, खाली निमुळतं टोक, मध्येमध्ये पांढरे दाट ठिपके. ती दोरी होती. मारुतीनं मला सांगितलं होतं.

मी फिल्म खाली ठेवली.

"भामाबाई," मी म्हणालो, "हिच्या पाठीखाली काय आहे?"

भामाबाईंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "साहेब, ती जट हाये."

"कसली जट?"

"देवीची. हिच्या डोईत मागल्या अंगाला आलीया. झग्याच्या आत सोडलेली असती."

"आणि ती वर का बांधली नाही?"

"दुसऱ्याच्या जटेला आपन हात लावत न्हाई, साहेब. बाकीचं केस बांदले मी. जट कशी बांदू?" त्यांचा आवाज रडवेला झाला. "पयल्या दिशी सांगाया आलते मी तुमाला. तुमी बोलूच दिलं न्हाई. मंग म्या म्हनलं, साहेबाला ठावं आसंल."

मी बजरंगकडे वळलो. तो फरशीकडे बघत होता.

"तुलाही माहीत होतं?"

"दिसली होती दोन-तीनदा," तो हळू म्हणाला. "आमच्या आईलाही आहे. आमच्यात कुणी त्याबद्दल बोलत नाही, साहेब. आणि इथं तर तुम्ही..."

माझ्या विभागात चार माणसं होती. दोघांनी ती जट पाहिली होती आणि तिसऱ्यानं ती फिल्मवर ओळखली होती. फक्त मला माहीत नव्हती, आणि डाग दाखवायला मोठ्या डॉक्टरांकडे मी गेलो होतो. मी स्टुलावर बसलो. खोलीत कोणी काही बोलत नव्हतं, माझ्या नियमाप्रमाणे.

आता सगळं भराभर कळत होतं. वॉर्डात सारजाबाई अंबाडा घालायची, वर पदर. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना जट कधी दिसलीच नाही. अंबाडा सुटायचा तो फक्त माझ्या खोलीत, माझ्या पाटीमुळं. डाग खाली सरकत होता कारण जट वाढत होती. ठिपके पांढरे होते कारण तिच्यात वर्षानुवर्षांचं कुंकू आणि भंडारा मुरलेला होता. औषधाला दाद मिळत नव्हती, कारण केसांना इंजेक्शन लागू पडत नाही.

सारजाबाई टेबलावर उठून बसली होती. आमचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं मागं हात नेला, झग्याच्या गळ्यातून जट बाहेर ओढली आणि पुढं घेतली. मनगटाएवढी जाड, तांबूस, छातीपर्यंत.

"ही आडवी येती व्हय फोटूला?" तिनं विचारलं.

"होय."

"मंग मला सांगायचं की. माजी मला धरता येती. रोज मीच तर बांदते." तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुमी म्हनलं, मशीन आतलं बगतं. मला वाटलं, भायेरचं त्यात दिसत न्हाई."

मी तिला उभं केलं. तिनं स्वतः जट उचलून डोक्यावर गुंडाळली आणि वरून पट्टी आवळली. मी स्वतः बटण दाबलं. फिल्म धुवायला मारुतीसोबत मी अंधाऱ्या खोलीत गेलो. लाल दिव्याखाली ती हळूहळू उमटत गेली, आणि उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, काही नव्हतं. डावीकडे काही नव्हतं. माझ्या आयुष्यात मी काढलेली ती सगळ्यात स्वच्छ फिल्म असेल. "साफ आहे," बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर म्हणालो.

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मी तीन फिल्मा ठेवल्या: अगदी पहिली, शून्यवाली आणि आत्ताची. काय झालं ते सांगताना माझी जीभ अडखळत होती. ते बराच वेळ तिन्ही आलटून पालटून बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे दाबून धरले.

"सात बरगड्या," ते म्हणाले. "सोमवारी आपण हिच्या सात बरगड्या काढणार होतो. हिला मुळात असेल तो साधा ताप, आणि आपण..."

त्यांनी फोन उचलून पुण्याला ऑपरेशन रद्द झाल्याचं कळवलं. फोन ठेवून तिचा केसपेपर पुढं ओढला.

"कागदावर आपण 'बरी झाली' असं लिहू," ते म्हणाले. "औषधानं गुण आला. बाई आनंदात घरी जाईल. आपलंही झाकलं जाईल, खोटं कशाला बोलू. पण तिला तरी खरं सांगून काय मिळणार आहे?"

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती ती नंतर वाटली. मी मान हलवली आणि बाहेर आलो. दाराशी भामाबाई उभ्या होत्या.

"काय ठरलं, साहेब?"

"घरी सोडणार तिला. बरी झाली असं सांगायचं."

"तसंच सांगा," त्या घाईनं म्हणाल्या. "दुसरं काय बी सांगू नका तिला. तिचं पोर गेलं, साहेब."

"कुठं गेलं?"

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग मला कळलं.

"हिला ठेवून घेतली तवा दूध आटायच्या गोळ्या दिल्या न्हाईत का? पोर तिकडं शेळीच्या दुदावर, पेजंवर. त्याला सोसलं न्हाई. मार्गशीर्षात हगवन लागली नि गेलं. सासू सांगाया आलती हितं. लय रडली पोरगी. तवा आमीच समजूत घातली तिची. म्हनलं, तुजं दूध इखारी हुतं बाय, ते प्यालं आसतं तर तुजाच रोग लागून मेलं आसतं. तुज्या हातनं न्हाई गेलं, ह्येच बरं. तेवड्यावरच तर तिनं धीर धरला."

त्या मुलाचं रडणं मी ऐकलं होतं. त्याला बाहेर न्या असं मीच म्हणालो होतो. त्यानंतर चौदा महिन्यांत, सात वेळा त्याची आई माझ्या खोलीत आली, आणि पोर कसं आहे एवढंसुद्धा मी एकदाही विचारलं नाही. मी स्वतःला फार कामाचा माणूस समजत होतो. कसला कामाचा! दगड होतो मी.

वॉर्डाच्या व्हरांड्यात सारजाबाई पायरीवर बसली होती. अंबाडा पुन्हा घातलेला, वर पदर. मी जवळ गेलो तशी ती उठायला लागली.

"बसा, बसा," मी म्हणालो. तिला मी पहिल्यांदाच अहो-जाहो करत होतो. "तुमचं ऑपरेशन रद्द झालं. सोमवारी घरी जायचं. तुम्ही बऱ्या..."

ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"सायेब, मी जट वर धरली आन् फोटू साफ आला," ती म्हणाली. "सकाळी खाली व्हती तवा डाग व्हता. येका दिसात कोन बरं व्हतंय?"

मी तिच्यापासून दोन हात अंतरावर पायरीवर बसलो.

"म्हंजे आत डाग न्हवताच. कदीच न्हवता?"

डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य मला पाठ होतं. भामाबाईंनी सांगितलेलंही आठवत होतं. पण ती बाई हिशेब पुरा करून बसली होती, आणि तिच्या तोंडावर खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"कधीच नव्हता," मी म्हणालो.

ती रडली नाही. ओरडली असती, मला दगड मारला असता, तर मला ते चाललं असतं. तिनं समोरच्या डोंगराकडे बघितलं. तिकडंच तिची वाडी होती.

"मला पैला फोटू दावा," ती म्हणाली. "आले त्या दिसाचा."

मी गेलो, डॉक्टरांच्या टेबलावरून ती फिल्म उचलून आणली. त्यांनी कशाला विचारलं, तोवर मी दाराबाहेर पडलो होतो. सारजाबाईनं ती दोन्ही हातांनी धरून उन्हाकडे उचलली. गळ्याच्या हाडाखालच्या डागावर बोट ठेवलं.

"ही जट?"

"होय."

तिचं बोट काळ्या मोकळ्या फुप्फुसावरून हळूहळू खाली आलं आणि थांबलं.

"आन् ह्ये काय हाये? खाली, दोनी बाजूला? धुरावानी?"

"ते दूध," मी म्हणालो. "तेव्हा तुमच्या अंगावर होतं ते."

तिनं त्यावर तळहात टेकवला. उजवीकडे, मग डावीकडे. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "ह्ये तुमी वळखलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी."

ती फिल्म तिनं मला परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.